डिस्क बिघडते, सर्व्हर चालूच राहतो

यंत्र बिघडले म्हणजे ते बंद पडते, अशी आपली रोजच्या अनुभवातून बनलेली समजूत असते. सायकल पंक्चर झाली की ती ढकलत न्यावी लागते. पाण्याचा पंप जळाला की नळ कोरडा पडतो. विजेचा दिवा गेला की खोलीत अंधार होतो. बिघाड स्वतःची वर्दी स्वतःच देतो, आणि म्हणूनच त्याची दुरुस्तीही लवकर होते. परंतु काही यंत्रे मुद्दाम अशा रीतीने रचलेली असतात की, त्यांचा एखादा महत्त्वाचा भाग निकामी झाला तरी त्यांचे काम क्षणभरही थांबू नये. अनेक डिस्कांचा संच बसवलेले सर्व्हर ह्याच जातीचे होत. त्यांतील एखादी डिस्क मेली तरी काम करणाराला काहीच जाणवत नाही. कालच्यासारखीच आजही पाने उघडतात, कालच्यासारख्याच नोंदी होतात. हा त्या रचनेचा मोठाच गुण आहे. मात्र ह्या गुणाच्या पोटीच एक धोका दडलेला आहे, आणि त्या धोक्यावर पहारा कसा ठेवतात, हे प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांना सेवा पुरवणारा संगणक. तो बहुधा एखाद्या बंद आणि थंड खोलीत रात्रंदिवस चालू असतो, आणि त्याच्यासमोर कोणीही बसलेले नसते. रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदी, पतपेढीची खाती, ग्रंथालयाची सूची, जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांची छायाचित्रे, अशी नाना प्रकारची माहिती त्याच्या पोटात साठवलेली असते. रजिस्टरातील एका ओळीचे मोल किती, हे शाळा सोडून पन्नास वर्षे झाल्यावर जन्मतारखेच्या दाखल्यासाठी पुन्हा शाळेची पायरी चढलेल्या कोणत्याही आजोबांना विचारावे. ती ओळ संगणकात ज्या वस्तूवर लिहिलेली असते ती वस्तू म्हणजे डिस्क.

पहिली डिस्क १९५६ साली बाजारात आली. त्या वर्षी आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाचा संगणक विक्रीस काढला. त्याच्या डिस्कयंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर फिरत असत. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते, आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्यात मावत असत ती अवघी पन्नास लाख अक्षरे! आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या कित्येक लाख पट मजकूर सहज मावतो. तत्त्व मात्र बदललेले नाही. लोहचुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरत असते आणि तिच्यावर तरंगणारे एक बारीक टोक तो लेप वाचते वा लिहिते. सर्व्हरमधील पुष्कळशा डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. टोक आणि तबकडी ह्यांमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. इतक्या सूक्ष्म अंतरावर, इतक्या वेगाने, वर्षानुवर्षे न थांबता फिरणारी वस्तू केव्हातरी बिघडावी ह्यात नवल नाही. ती इतका काळ टिकते हेच नवल. हल्ली न फिरणाऱ्या, केवळ इलेक्ट्रॉनिक पेशींच्या डिस्कही वापरात आहेत, परंतु त्यांच्या पेशीही लिहून लिहून झिजतात. अमर कोणीच नाही.

डिस्क किती टिकते? कारखानदारांच्या माहितीपत्रकांत सरासरी दहा ते पंधरा लक्ष तास असा आकडा छापलेला आढळतो. दहा लक्ष तास म्हणजे ११४ वर्षे! असा आकडा वाचून कोणीही निश्चिंत होईल. परंतु अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन ह्या संशोधकांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासून २००७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो ह्याहून वेगळा होता. माहितीपत्रकांवरून पाहता वर्षाला शेकडा एकाहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार हे प्रमाण सर्रास आढळले, आणि काही ठिकाणी तर ते शेकडा तेरापर्यंत पोहोचले. शेकडा दोन हा सौम्य आकडा धरला, तरी आठ डिस्कांचा सर्व्हर पाच वर्षे चालवल्यास त्यातील किमान एक डिस्क बिघडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक ठरते. सारांश, डिस्कचा मृत्यू हा अपघात मानून चालत नाही. तो ठरलेला आहे, तिथी तेवढी ठाऊक नाही.

ह्या अडचणीतून वाट काढणारी कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत आकारास आली. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ह्या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वर उल्लेखिलेले गिब्सन ते हेच. त्या काळी मोठ्या संगणकांना एकच प्रचंड आणि महागडी डिस्क जोडलेली असे. तिच्या जागी स्वस्त, लहान डिस्कांचा ताफा बसवला तर काम अधिक वेगाने होईल, हे उघड दिसत होते. मग असे का करू नये? उत्तर अगदी साध्या भागाकारात होते. एक लहान डिस्क सरासरीने ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या ताफ्यात कोणती ना कोणती डिस्क सरासरी ३०० तासांत बिघडणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा पुरते न भरता माहिती गेली! तेव्हा ताफ्याने एखादी डिस्क गमावूनही माहिती गमावू नये, अशी काहीतरी युक्ती हवी होती. त्या युक्तीच्या निरनिराळ्या प्रकारांना निबंधाने जे नाव दिले, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'रेड' असा होतो, आणि तेच नाव आज जगभर रूढ आहे.

सर्वांत सोपी युक्ती आरशाची. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर तंतोतंत लिहायची. एक गेली तर दुसरी आहेच. परंतु तीत निम्मी जागा खर्ची पडते. दुसरी युक्ती अधिक चतुर आहे, आणि विद्यार्थिमित्रांनी ती वहीत करून पाहावी अशी आमची शिफारस आहे.

संगणक सर्व काही शून्य आणि एक ह्या दोनच अंकांत लिहितो. समजा, तीन डिस्कांवर एकाच जागी अनुक्रमे १, ० आणि १ असे अंक लिहिलेले आहेत. आता चौथी डिस्क घ्या, आणि तिच्यावर असा अंक लिहा की चारही अंकांची बेरीज सम व्हावी. १, ० आणि १ ह्यांची बेरीज दोन, म्हणजे सम आहेच. म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहावयाचा. ह्या जादा अंकाला 'पॅरिटी' म्हणतात. आता तिसरी डिस्क बिघडली असे समजा. उरले १, ० आणि ०. त्यांची बेरीज एक, म्हणजे विषम. ती सम व्हावयाची तर हरवलेला अंक १ च असला पाहिजे. सापडला! पहिली डिस्क जावो, दुसरी जावो वा खुद्द पॅरिटीची जावो, कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा प्रत्येक अंक असाच परत मिळवता येतो. प्रत्यक्षात पॅरिटीचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर आळीपाळीने वाटून टाकतात. ह्या प्रकाराला 'रेड पाच' म्हणतात. दोन प्रकारची पॅरिटी ठेवून दोन डिस्कांचा मृत्यू सोसणारा प्रकार 'रेड सहा' ह्या नावाने ओळखला जातो.

आता ह्या युक्तीची दुसरी बाजू पाहू. तिसरी डिस्क गेली, तरी सर्व्हर थांबला नाही. मागेल तो अंक तो बेरजा करून पुरवीत राहिला. परंतु त्या घटकेपासून संचातील प्रत्येक उरलेली डिस्क अपरिहार्य झाली. आता आणखी एक गेली, तर दोन अज्ञात आणि समीकरण एकच, अशी स्थिती होते, आणि असे उदाहरण सुटत नाही, हे बीजगणित शिकणाराला सांगणे नलगे. केवळ दोन डिस्कांपुरतीच नव्हे, तर संचातील सगळीच माहिती जाते. कारण प्रत्येक मजकुराचे तुकडे सर्व डिस्कांवर पसरलेले असतात. ह्या मधल्या अवस्थेला संचाची खालावलेली अवस्था म्हणतात. बाहेरून पाहणाराला ती निरोगी अवस्थेसारखीच दिसते. काम थोडे मंदावते इतकेच, आणि संगणक मंद चालणे ही काही कोणाला चकित करणारी गोष्ट नव्हे.

ही खालावलेली अवस्था किती काळ टिकू द्यावी, ह्याचे उत्तर १९८८ च्या त्याच निबंधातील एका सूत्रात आहे. एका डिस्कच्या सरासरी आयुष्याचा वर्ग करावा. संचातील डिस्कांची संख्या, तीहून एकाने कमी असलेली संख्या आणि दुरुस्तीस लागणारा वेळ ह्या तिघांच्या गुणाकाराने त्या वर्गास भागावे. भागाकार येईल तितका काळ, सरासरीने, संचातील माहिती सुरक्षित राहील. दहा डिस्कांचा संच आणि प्रत्येकीचे सरासरी आयुष्य त्या वेळचेच, ३०,००० तास, असे धरू. ३०,००० चा वर्ग नव्वद कोटी. दुरुस्ती एका दिवसात, म्हणजे २४ तासांत झाली, तर भाजक १० गुणिले ९ गुणिले २४, म्हणजे २,१६०. भागाकार आला सुमारे ४,१६,००० तास, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे. आता तीच डिस्क, तोच संच, फक्त बिघाड दोन महिने कोणाच्या ध्यानातच आला नाही असे समजा. दुरुस्तीचा वेळ १,४४० तास झाला, भाजक १,२९,६००, आणि भागाकार सुमारे ६,९४४ तास. म्हणजे साडेनऊ महिने!

सत्तेचाळीस वर्षे कोठे आणि साडेनऊ महिने कोठे! हिशेब ढोबळ आहे, आणि आजच्या डिस्कांचे आयुष्य पुष्कळ वाढलेले आहे, त्यामुळे दोन्ही आकडे आज मोठे येतील. परंतु त्यांचे परस्परांशी प्रमाण बदलणार नाही. दुरुस्तीला साठपट विलंब झाला की संचाचे अपेक्षित आयुष्य साठाव्या भागावर येते. उत्तम डिस्क विकत घेण्यापेक्षा बिघडलेली डिस्क लवकर ओळखणे अधिक फलदायी, असे आम्ही म्हणतो ते ह्याच आधारावर.

दुरुस्तीच्या ह्या वेळाचे तीन तुकडे पडतात. बिघाड कळेपर्यंतचा काळ, नवी डिस्क आणून बसवेपर्यंतचा काळ, आणि नव्या डिस्कवर जुना मजकूर पुन्हा लिहून होईपर्यंतचा काळ. तिसरा तुकडा यंत्राच्या वेगावर अवलंबून असतो. बारा टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट ह्या वेगाने भरावयाची म्हटली, तर ६०,००० सेकंद, म्हणजे १६ तास ४० मिनिटे लागतात. आणि सर्व्हरचे नेहमीचे काम चालू ठेवून ती भरावयाची म्हणजे एकदोन दिवस सहज जातात. दुसरा तुकडा एक जादा डिस्क कपाटात, अथवा सर्व्हरमध्येच राखीव म्हणून बसवून ठेवली तर जवळजवळ नाहीसा होतो. पहिला तुकडा मात्र शून्य मिनिटांपासून वर्षभरापर्यंत कितीही असू शकतो. तो सर्वस्वी पहाऱ्यावर अवलंबून आहे.

येथे एक नवीनच अडचण उभी राहते. पुष्कळ सर्व्हरांत डिस्कांचा कारभार 'रेड कंट्रोलर' नावाच्या स्वतंत्र कार्डाकडे सोपवलेला असतो. डिस्क त्या कार्डाला जोडलेल्या असतात आणि पॅरिटीच्या बेरजा तेच करते. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र ते सांगते की, येथे एकच मोठी डिस्क आहे. आठ डिस्कांचे एकत्र कुटुंब, आणि दारात उभा कारभारी एकच! घरात कोणी आजारी आहे काय, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला विचाराल, तर ती प्रामाणिकपणे सांगेल की, डिस्क एक आहे आणि ती ठीक आहे. तिला त्याहून अधिक ठाऊकच नसते.

म्हणून प्रश्न कारभाऱ्यालाच, आणि त्याच्याच भाषेत विचारावा लागतो. प्रत्येक कंपनी आपल्या कार्डासाठी निराळा आज्ञा-प्रोग्राम देते. मेगारेड कार्डांसाठी पूर्वी 'मेगासीएलआय' होता, पुढे त्याच्या जागी 'स्टोरसीएलआय' आला. डेल कंपनीच्या कार्डांसाठी 'पर्कसीएलआय', तर एचपीच्या स्मार्ट ॲरे कार्डांसाठी 'एसएसएसीएलआय' वापरतात. ह्यांना योग्य आज्ञा दिली की ते संचाची आणि प्रत्येक डिस्कची हकीकत सांगतात. संच 'ऑप्टिमल' म्हणजे निरोगी आहे, 'डिग्रेडेड' म्हणजे खालावलेला आहे, की पूर्णच बुडाला आहे; कोणती डिस्क चालू आहे, कोणती मेली, कोणती राखीव आहे आणि कोणावर पुनर्लेखन चालले आहे, हे सारे त्यातून कळते. शिवाय प्रत्येक डिस्कच्या नावे वाचनातील चुकांचा आकडाही मांडलेला असतो.

कंट्रोलर स्वतःहून काही खूण करीत नाही असे नव्हे. बिघडलेल्या डिस्कच्या खणावर नारिंगी दिवा लागतो. काही कार्डे कर्कश आवाजही काढतात. परंतु दिवा पाहावयास माणूस त्या खोलीत जावा लागतो, आणि सर्व्हरची खोली ही कोणी सहज डोकावण्याची जागा नव्हे. आवाजाची गत त्याहून वाईट. तो ऐकून जो कोणी प्रथम येतो, त्याला डिस्कपेक्षा आवाजाचाच त्रास अधिक होतो, आणि आवाज बंद करण्याची आज्ञा डिस्क बदलण्याहून फारच सोपी असते. असो.

तेव्हा खरा पहारा यंत्रानेच यंत्रावर ठेवावयाचा. त्याची रीत अशी. सर्व्हरवर एक छोटासा प्रोग्राम ठेवतात. तो दर काही मिनिटांनी कंट्रोलरला प्रश्न विचारतो, आलेले उत्तर वाचतो आणि त्याचे सार एका अंकात सांगतो. १९९९ साली 'नेटसेंट' ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे 'नॅगिऑस' हे नाव घेतलेल्या पहारा-प्रणालीने हे अंक रूढ केले. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर, आणि तीन म्हणजे काहीच कळत नाही. हा अंक दुसऱ्याच एका संगणकाकडे जातो, आणि तो ठीक नसेल तर तो संगणक जबाबदार माणसाला ईमेल अथवा मोबाइलवर संदेश पाठवतो. पहारेकरी दुसऱ्या संगणकावर का ठेवावयाचा, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. घराला आग लागली असता घरातच कोंडलेल्या माणसाकडून वर्दीची अपेक्षा करून चालत नाही.

केवळ डिस्क मेली की जिवंत आहे, एवढे विचारून भागत नाही. डिस्क पुष्कळदा मरण्यापूर्वी कण्हते. तिच्या लेपावरील काही जागा खराब होतात, तेव्हा ती त्या जागा सोडून राखीव जागांवर मजकूर हलवते आणि त्याची मोजदाद ठेवते. ही मोजदाद वाचता येते, व ती वाढू लागली की सावध व्हावे. गूगल कंपनीच्या एदुआर्दो पिन्हेइरो, वोल्फ-डिट्रिख वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो ह्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. तबकडीच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या साठ दिवसांत, अशी डिस्क बिघडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांना दिसून आले. पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. बिघडलेल्या डिस्कांपैकी शेकडा ३६ हून अधिक डिस्कांनी, तापमान सोडता, कोणतेही पूर्वचिन्ह दाखवलेच नव्हते. म्हणून पूर्वचिन्हे जरूर पाहावीत, परंतु त्यांच्या भरवशावर राहू नये. काही डिस्क रात्री धडधाकट असतात आणि सकाळी नसतात.

आणखी दोन गोष्टींवर नजर लागते. एक म्हणजे कंट्रोलरची बॅटरी. लिहावयाचा मजकूर कंट्रोलर प्रथम आपल्या स्मृतीत घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. मध्येच वीज गेली तर तो मजकूर जपण्याचे काम ह्या बॅटरीचे असते. ती निकामी झाली की शहाणा कंट्रोलर ही सवलत बंद करतो आणि सर्व्हर एकाएकी संथ होतो. दुसरी गोष्ट गस्तीची. डिस्कचा जो भाग वर्षानुवर्षे कोणी वाचलेलाच नाही, तो आतल्या आत खराब झाला असला तर ते कळणार कसे? नेमक्या पुनर्लेखनाच्या वेळी, जेव्हा उरलेल्या सर्व डिस्कांवरील प्रत्येक अंक हवा असतो, तेव्हा ती जागा वाचता येत नाही आणि बुडत्याचा पाय खोलात जातो. म्हणून कंट्रोलर ठरावीक काळाने, बहुधा आठवड्यातून एकदा, सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतो. ही गस्त चालू आहे ना, हेसुद्धा पाहणे पहाऱ्यातच मोडते.

गस्त आणि पहारा दोन्ही नसले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण कॅनडातील 'लायनस टेक टिप्स' ह्या चित्रफिती बनवणाऱ्या मंडळींनी २०२२ च्या आरंभी स्वतःच जगाला सांगितले. संगणकांची माहिती देणे हाच त्यांचा व्यवसाय! जुन्या चित्रीकरणाचा मोठा साठा त्यांनी डिस्कांच्या संचांत ठेवला होता. त्यांची रचना कार्डाची नसून प्रोग्रामने चालणारी होती, परंतु तत्त्व एकच. ठरावीक काळाने गस्त घालण्याची व्यवस्था लावावयाची राहून गेली होती, बिघडत चाललेल्या डिस्कांकडे वेळेवर लक्ष गेले नाही, आणि साठ्याचा बराच भाग धोक्यात आल्यावर ही गोष्ट ध्यानात आली. ह्या लोकांना ज्ञान कमी नव्हते, पैसाही कमी नव्हता. काटा वेळीच निघाला नाही आणि नायटा झाला.

आता पहाराच मुका झाला तर? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संस्थेत एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. ती कथा डिस्कच्या बिघाडाची नाही, तरी आमच्या विषयाला ती अगदी लागू पडते. रोजच्या बॅकअपकडे धाव घेतली, तेव्हा असे उघडकीस आले की, बॅकअप होतच नव्हता. तो अयशस्वी झाल्याची ईमेल पाठवण्याची व्यवस्थाही होती. परंतु त्या ईमेलवर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्याने, घेणारी यंत्रणा त्या बाहेरच्या बाहेर नाकारीत होती! योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली आणि फक्त तेवढ्या सहा तासांच्या नोंदींवर निभावले. संस्थेने ही सारी हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह होय.

ह्यावरून अनुभवी लोक एक नियम पाळतात. संदेश आला नाही, ह्याचा अर्थ सर्व कुशल आहे असा कधीही घ्यावयाचा नाही. पहारेकरी संगणकाने दर काही मिनिटांनी 'ठीक' हा शब्द प्रत्यक्ष ऐकला पाहिजे. तो ठरल्या वेळी आला नाही, तर तोच बिघाड समजावा. कंट्रोलरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, उत्तराची भाषा थोडी बदलली आणि तपासणाऱ्या प्रोग्रामला ते उत्तर वाचता आले नाही, असे वारंवार घडते. अशा वेळी त्याने तीन हा अंक सांगावा, शून्य कदापि सांगू नये. उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. क्षुल्लक कारणाने दिवसातून वीस संदेश येऊ लागले की माणूस ते न वाचताच पुसू लागतो, आणि 'लांडगा आला रे' ह्या गोष्टीतल्याप्रमाणे खरा लांडगा येतो त्या दिवशी कोणी धावत नाही. पहारा जागा आहे की नाही, हे पाहण्याची निर्णायक कसोटी एकच. नवा सर्व्हर कामाला लावण्यापूर्वी, त्यात मोलाचे काही नसताना, एक डिस्क मुद्दाम बाहेर ओढावी आणि किती मिनिटांनी कोणाच्या हातातील मोबाइल वाजतो ते पाहावे.

एवढा सगळा बंदोबस्त केल्यावरही रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. कोणी चुकून मजकूर पुसला तर रेड तो सर्व डिस्कांवरून तत्परतेने पुसते. आग, पूर, चोरी ह्यांपुढे सर्व डिस्क एकाच पेटीत बसलेल्या असतात. दुसऱ्या जागी ठेवलेली निराळी प्रत हवीच; रेडचे काम फक्त एवढेच की, एक डिस्क गेल्याने चालू काम थांबू नये.

शेवटी, संदेश आला म्हणजे काय करावयाचे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे घाई करावयाची नाही. एकच पॅरिटी असलेल्या खालावलेल्या संचातून चुकून निरोगी डिस्क ओढली, तर जे नशिबाने टळले होते ते आपल्याच हाताने घडून येते. कंट्रोलरला विचारून मेलेल्या डिस्कचा खण क्रमांक आणि तिचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा. बॅकअप ताजा आहे ना, ते पाहावे. मग त्या खणाचा दिवा लुकलुकवण्याची आज्ञा द्यावी, खोलीत जाऊन तोच खण आहे अशी खात्री करावी, आणि जमल्यास कागद दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन त्याच्याकडून क्रमांक वाचून घ्यावा. बहुतेक सर्व्हरांत डिस्क चालू स्थितीतच बदलता येते. जुनी काढून तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची नवी बसवली की, थोड्याच वेळात कंट्रोलर पुनर्लेखन सुरू करतो आणि ते शेकडा किती झाले हे विचारल्यास सांगतो. हा आकडा पुढे सरकत असेतोवर सर्व्हरला जड काम देऊ नये. पुनर्लेखन संपून संच पुन्हा 'ऑप्टिमल' दिसला, म्हणजे काढलेल्या डिस्कचा अनुक्रमांक आणि तारीख नोंदवहीत लिहावी, आणि कपाटातील रिकाम्या झालेल्या जागेसाठी नवी राखीव डिस्क त्याच दिवशी मागवावी.